बाराव्या पडद्यावरचा चंद्र

नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज करायला आलेला माणूस आधी नादारीचं बोलतच नाही. तो उशिरा आलेल्या बसचं बोलतो, मासळीबाजारातल्या बांगड्यांच्या भावाचं बोलतो, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलंय हे आपल्याला सांगतो. डिचोलीच्या बाजारात मधुकरबाब वकिलांच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. अशी माणसं ढिगाने पाहिली. मी सावकाश टाइपरायटरवरचं कापड काढायचो आणि त्यांना बोलू द्यायचो. कापड काढून घडी होईपर्यंत माणूस घसा खाकरतो आणि पहिला प्रश्न विचारतो. तो सगळ्यांचा एकच असतो. "बंदखणीत घालतले काय?"

नाही घालत तुरुंगात. खरं सांगितलं, काही दडवलं नाही, तर कोर्ट उलट संरक्षणच देतं. मग पुढचे प्रश्न. पेपरात नाव येईल? येईल, बारीक अक्षरात. जगात कोणी वाचणार नाही, शेजारी तेवढा वाचेल. मुलाला फेडावं लागेल? त्याने कुठे सही केली नसेल तर नाही. जामीन राहिलेल्या मेव्हण्याचं काय? तो काही सुटत नाही, त्याच्याशी आधी गोड बोलून ठेवा. पंचायतीला उभं राहता येईल? नादारीतून मोकळे होईपर्यंत नाही, आणि गावाच्या दृष्टीने ते बरंच आहे. शेवटचा प्रश्न मात्र बायका विचारतात, निघता निघता, दाराच्या चौकटीला हात लावून. घरातलं काय काय नेतील?

त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. "अंगावरचे कपडे, रांधायची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारं सोडून बाकी सगळं." हजार वेळा म्हटलं असेन हे वाक्य, विचार न करता. याच वाक्यापायी कारापूरच्या बाबलीची अब्रू जाता जाता राहिली.

बाबलीचं खरं आडनाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळे त्याला 'पडदेवालो' म्हणत. आमच्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलं, आणि रंगीत पडद्यांशिवाय गावचं नाटक म्हणजे नारळाशिवाय माशाचं हुमण. कोकणी की मराठी, हे भाषेचं भांडण तेव्हा नुकतंच शमलं होतं. आमच्या ऑफिसात अर्ज इंग्रजीत, शिव्या कोकणीत आणि देवळापुढे नाटक मराठीत, अशी सोयीची वाटणी होती. बाबलीकडे बारा पडदे होते. मांजरपाटाला खळ आणि सरस लावून, अंगणात पसरून त्याने ते स्वतःच रंगवले होते. राजवाडा, दरबार, रान, झोपडी, बाग, तुरुंग. तो त्यांच्याविषयी खऱ्या जागांविषयी बोलावं तसं बोलायचा. बाजारात भेटला की मी विचारायचो, "कितें बाबली, बरें मू?"

"बरें. राजवाडो हळर्णां गेला. तुरुंग पावसांत भिजलो, घरा सुकत घाला. आनी रान फाल्यां परत येतलें."

राजवाडा हळर्ण गावाला गेलाय, तुरुंग भिजला म्हणून घरी वाळतोय, रान उद्या परत येणार. नवखा माणूस हे ऐकून चार पावलं मागे सरकायचा.

पडदे बांबूला गुंडाळून, सकाळच्या बसच्या टपावर बांधून तो निघायचा. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत असे. धुक्यातून बस हळूहळू लहान होत जायची. एक अख्खं राज्य टपावर चाललंय आणि राजा खाली तिकीट काढून बसलाय, असं काहीतरी माझ्या मनात यायचं. मला नाटकांचं वेड नाही. पण ती बस दिसेनाशी झाल्यावर बराच वेळ माझं टायपिंग चुकत असे, हे मधुकरबाबांना कधी कळलं नाही.

बारावा पडदा नदीचा होता, रात्रीच्या नदीचा, बारांत सर्वांत लहान. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तो रंगवला. बायको शेवंती खळ शिजवायची, रंग घोटायची, आणि हा अंगणात गुडघ्यांवर बसून खालून वर रंगवत जायचा. खाली पाणी काढलं, पाण्यात थरथरणारा वाटोळा चंद्र काढला, त्यावर सफेद्याचा जाड थर दिला. मग काठावरचे माड, आणि मग आभाळ. आभाळापर्यंत पोचला आणि सफेदा संपला. डिचोलीच्या दुकानदाराने उधार डबा दिला नाही. "सर्गावयलो चंद्र फुडल्या वर्सा," बाबली म्हणाला. ते पुढलं वर्ष बावीस वर्षं येतच राहिलं. पडद्यावर आभाळ काळंनिळं, कोरं, आणि चंद्र नुसता पाण्यात.

लोक हसायचे, ते काही चुकीचं नव्हतं. नायक आभाळाकडे हात करून चंद्राचं गाणं म्हणायचा आणि चंद्र त्याच्या पोटरीशी. बहुतेक गावांनी सांगून टाकलं, नदी आणू नकोस. फक्त हळर्णची माणसं ती मुद्दाम मागवायची. त्यांची जत्रा पुनवेला, उघड्या माळावर. तिथला एक म्हातारा बाबलीला म्हणाला होता, "चंद्र आमच्या माथ्यार असा मा, मगे पडद्यार आनीक कित्याक व्हयो?" चंद्र आमच्या डोक्यावर आहेच, मग पडद्यावर आणखी कशाला? हे वाक्य बाबली जन्मभर लोकांना ऐकवत हिंडला.

त्याला बुडवलं ते नारळांनी. आमच्याकडे नाटक ठरलं की गावकरी पडदेवाल्याच्या हातात नारळ ठेवतात. नारळ घेतला म्हणजे शब्द गेला. ताप येवो, पूर येवो, पडदे पोचलेच पाहिजेत. भाड्याचं बोलणं मागाहून, आणि मागाहून म्हणजे "देवाचें काम रे बाबली" म्हणून खांद्यावर हात. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी लोकांच्या डोक्यात वारं शिरलं होतं. पडदे नकोत, शहरातल्या स्पर्धेसारखा प्लायवूडचा सेट हवा. तीन गावांनी तसं सांगून नारळ ठेवले. बाबलीकडे सेट नव्हता. पण पुढे केलेला नारळ परत करणं त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तिन्ही घेतले, आणि मग पतसंस्थेत कर्जाला गेला. प्लायवूड एका व्यापाऱ्याकडून उधार आणलं. राजवाडा उभा राहिला, त्याच्या दाराला खरी कडी होती. दोन जत्रा झाल्या, तिसरीला शब्दापायी पोचवला तेव्हा राजवाड्याला वाळवी लागली होती. व्याज मात्र शाबूत राहिलं, त्याला वाळवी लागत नाही.

सहा वर्षांनी नवराबायको आमच्या ऑफिसची पायरी चढली. बाबली आधी बांगड्यांच्या भावाचं बोललाच. मग सगळे प्रश्न ठरल्या क्रमाने आले. मधुकरबाबांनी बजावलं, "एक सांगून दवरतां. यादी खरी जाय. कितेंय लिपयलें जाल्यार सुटका विसर. कोर्ट सुशेगाद लबाड म्हूण कागदार लिहिता, आनी तें पुसना." दडवलं तर सुटका नाही; आणि लबाड हा शब्द एकदा कागदावर चढला की पुसत नाही.

बाबली मान हलवत राहिला. पैसे जाणार, पडदे जाणार, हे त्याने पचवलं होतं. "बुडलों तर बुडलों," तो म्हणाला. "पूण फटिंग म्हणचे न्हय कोणें. हांवें एकूय नाल्ल फट करूंक ना." बुडालो म्हणा, पण लबाड म्हणू नका, एकही नारळ मी खोटा पाडला नाही. आयुष्यात शिल्लक उरलेलं तेवढं एकच त्याला वाचवायचं होतं.

मी यादी टाइप करायला घेतली. बाबलीने डोळे मिटले आणि सांगू लागला. "एक राजवाडो. एक दरबार. एक रान." मी टाइप करत गेलो. असली जिंदगी, म्हणजे मालमत्ता, आमच्या ऑफिसात कधी उतरली नव्हती. शेताच्या सर्व्हे नंबराऐवजी बागा येत होत्या, राजरस्ते येत होते. मधुकरबाबसुद्धा चष्मा काढून ऐकत राहिले. बारा झाले. निघताना शेवंती दाराशी थांबली, चौकटीला हात लावला, आणि मी माझं ते वाक्य म्हटलं. ती इतर बायकांपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मला वाटलं, मंगळसूत्राचा विचार करत असेल.

दोन दिवसांनी बाबली एकटाच आला. "अकरा करात. न्हंय ना." नदीचा पडदा उंदरांनी कुरतडला, शेवंतीने तो पावसाआधी चुलीत घातला असं ती म्हणते. त्याचा चेहरा उतरला होता. मी बाराचे अकरा केले. अर्ज पणजीच्या कोर्टात गेला, मालमत्ता ताब्यात घ्यायला रिसीव्हर नेमला गेला, पडद्यांची पावणी झाली, म्हणजे लिलाव. बाबली समोर उभा राहून प्रत्येक पडदा उलगडून दाखवत होता, जणू गिऱ्हाइकाने तो नाटकालाच घ्यावा. राजवाडा एका गवळ्याने गवताची गंजी झाकायला घेतला. तुरुंग खानावळवाल्याने नेला, चुलीच्या आडोशाला.

पुढच्या तारखेला पतसंस्थेचा वकील उठला. हळर्णला गेल्या जत्रेपर्यंत लोकांनी बारा पडदे पाहिलेत, यादीत अकरा आहेत, अर्जदाराने मालमत्ता दडवली आहे, सबब त्याला नादारीचा लाभ देऊ नये. बाबली पिंजऱ्यात उभा होता. त्याने उंदरांचं सांगितलं. कोर्टात दोघेतिघे हसले. न्यायाधीशांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि खुलासा मागवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, बाबली ऑफिसात शिरला. काखेत गोधडी होती. मागे शेवंती, डोळे सुजलेले. बसचं नाही, बांगड्यांचं नाही, तो सरळ बोलायलाच लागला.

अंगणात दोरीवर गोधडी वाळत घातली होती. तीन महिने तो तीच पांघरून झोपत होता. जुन्या लुगड्यांची साधी गोधडी, थोडी जड लागायची एवढंच. त्या सकाळी ऊन बरोबर तिच्या मागून आलं. विटक्या लुगड्यांतून सगळीकडे उजेड झिरपत होता, आणि मधेच एक वाटोळी काळी जागा होती. तिथून ऊन येत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी सफेद्याचा थर जिथे जाड दिला होता, ती जागा. तो म्हणाला, "हांव उबोच रावलों, बाब. काळो चंद्र. म्हज्याच आंगणांत." त्याने पुढे जाऊन गोधडीला नाक लावलं. सरसाचा वास आला.

"म्हाका ह्यांणींच सांगलें," शेवंतीने माझ्याकडे बोट केलं. "पांघरूण व्हरनात म्हण." पांघरूण नेत नाहीत, असं यांनीच सांगितलं. म्हणून तिने घरी जाऊन पडदा दोन लुगड्यांच्या मध्ये घातला आणि चारही बाजूंनी टाके घातले. नवऱ्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून त्याला उंदरांचं सांगितलं. बाकीचे अकरा त्याचे होते, तिने कधी त्यांच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. या एकाची खळ तिने शिजवली होती.

मी टाइपरायटरकडे बघत बसलो. तिचा काय दोष? मी यादी पाठ म्हणून दाखवली, पण जे आधीपासून पांघरूण आहे तेच सुटतं, काल शिवलेलं नव्हे, हे सांगायचं मला सुचलं नाही. लाज वाटली मला, अजून वाटते.

मधुकरबाबांनी उठून दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाबली, ही वाकळ. हांवें कांयच पळेवंक ना. घरा व्हर, पांगुरून न्हीद." बघितलीच नाही म्हणतो, घरी ने आणि झोप. उंदरांविरुद्ध कोणाकडे साक्षीदार नव्हता.

शेवंती आशेने नवऱ्याकडे बघू लागली. बाबलीने गोधडी माझ्या टेबलावर ठेवली. "बारा करात," तो मला म्हणाला.

त्यावर शेवंती रडली नाही. तिने पदरात खोवलेली सुई काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "उसयतलीं हांवच. दुसऱ्यान हात लावचो न्हय." उसवायचं तर मीच उसवीन, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

कोर्टात तिने ती उसवली, न्यायाधीशांसमोर, जमिनीवर मांडी घालून. एकेक टाका सुटत होता आणि लुगड्यांच्या आतून पाणी बाहेर येत होतं. कागदपत्रं चाळणारे वकील थांबले. पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने पडदा किंचित हलला आणि पाण्यातला चंद्र थरथरला. 

पतसंस्थेचा वकील मात्र उठलाच. दडवलं ते दडवलं, म्हणाला. न्यायाधीशांनी बाबलीला विचारलं, "तुम्ही हे आणलं नसतं तर कोणाला कळलं असतं?"

"कोणाकूच ना, सायबा."

"मग का आणलं?"

"यादी म्हजी, सायबा. म्हज्या तोंडातली." यादी माझी, माझ्या तोंडची.

आणि तेव्हा मधुकरबाबांच्या डोक्यात उजेड पडला. ते उभे राहिले. गोव्यातलं लग्न, नोंदणी झालेलं. इथल्या कायद्याने नवराबायकोची जिंदगी एकत्र, त्यातली अर्धी बायकोची. कर्जाच्या कागदावर शेवंतीची सही नाही. म्हणजे बाराही पडद्यांतला अर्धा वाटा तिचा होता, तो कोणी मागितलाच नाही. मी कपाळावर हात मारला. एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही बाईने दाराशी उभं राहून विचारला नव्हता, आणि विचारलं नाही ते आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

न्यायाधीशांनी शेवंतीला समजावून सांगितलं. विकलेल्या अकरांचे अर्धे पैसे तिला मागता येतील, किंवा त्या बदल्यात हा पडदा अख्खा ठेवून घेता येईल. तिने थोडा विचार केला.

"इकले ते इकले," ती म्हणाली. "ते पयशे लोकांक दियात. घरकारान शब्द दिल्लो. हातूंतलें अर्दें म्हाका पुरो." विकलेल्यांचे पैसे लोकांना द्या, नवऱ्याने शब्द दिला होता; यातलं अर्धं मला पुरे.

"अर्धं कसं?"

"आडवें कातरात. म्हाका सकयलें दियात." आडवा कापा, मला खालचा भाग द्या.

पतसंस्थेच्या वकिलाने पडद्याकडे पाहिलं. वर नुसतं काळंनिळं, कोरं आभाळ. मग तो खाली बसला. न्यायाधीशांनी हुकूम लिहायला घेतला, त्यात बाबलीच्या नावापुढे 'प्रामाणिक' हा शब्द होता. तो मीच नंतर टाइप केला, चार प्रतींत, आणि एकाही प्रतीत चूक केली नाही.

कात्री बाजारातल्या शिंप्याकडून आणली. आभाळाला सतरा रुपये आले. खोबऱ्याच्या व्यापाऱ्याने ते अंगणात वाळत घातलेल्या वाट्यांवर घालायला नेलं.

बाबली नादारीतून मोकळा झाला तोवर दोन वर्षं गेली. तो आता दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचे ब्रश कारागिराची हत्यारं म्हणून सुटले होते. मोकळं झाल्याचा कागद द्यायला मी स्वतः कारापूरला गेलो. जुनं भाड्याचं घर सुटलं होतं; आता ही भाड्याची खोली, एक खिडकी, आत चुलीपुरती जागा. खाटेवर गोधडी पसरलेली होती. या वेळी पडदा आत नव्हता, वर होता. माड, पाणी, आणि पाण्यातला चंद्र. त्याच्या बरोबर वर, खाटेच्या उशाच्या भिंतीवर, पांढराशुभ्र वाटोळा चंद्र रंगवलेला, अजून ओला. कोपऱ्यात सफेद्याचा डबा होता.

शेवंती चहा ठेवायला आत गेली. बाबलीने कागद डोळ्यांना लावला, घडी केली, आणि जरा घुटमळून म्हणाला, "बाब, एक कायद्याचें विचारूं?"

"विचार."

"घर भाड्याचें. वण्टी मालकाची. मागीर हो चंद्र कोणाचो?"

कायदा मला ठाऊक होता. भिंत ज्याची, तिच्यावरचा रंगही त्याचा. यात वकिलाला विचारण्यासारखं काहीच नव्हतं. आत शेवंतीच्या भांड्यांचं वाजणं थांबलं होतं, तीही ऐकत होती.

एकतीस वर्षांत मी त्या दिवशी पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं.

"अर्दो तुजो," मी म्हटलं. "आनी अर्दो शेवंतीबायचो."